फडात कॅमेरा नेण्याआधी

उसाच्या फडात, म्हणजे तोड चालू असलेल्या शेतात, ऊसतोड मजुरांवर शॉर्ट फिल्म करणाऱ्यांसाठी हे लिहितोय; सुरुवात मात्र परक्या मजुरांवरच्या दोन सिनेमांपासून. अमेरिकेतल्या बिनकागदाच्या मेक्सिकन मजुरांवरचा सिनेमा म्हटलं की कुंपण, वाळवंट आणि पोलिसांची गाडी डोळ्यासमोर येते. जिम मॅकेच्या 'एन एल सेप्तिमो दिया'ची (2017) गोष्ट मात्र ब्रुकलिनमधल्या एका आठवड्याची. सायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवणारा होसे, रविवारी त्याच्या संघाची फुटबॉल फायनल आणि नेमकी त्याच रविवारी मालकाला ड्युटी हवी. एवढ्यावर अख्खा सिनेमा ताणून धरलाय. सुट्टी मागितली तर काम जाईल, आणि गेलं तर दाद कुठं मागणार? रॉबर्ट यंगच्या 'अलाम्ब्रिस्ता!'मध्ये (1977) सोबती नायकाला, रॉबर्तोला, हॉटेलात पायावर पाय टाकून कसं बसायचं, हॅम, अंडी, कॉफी इंग्रजीत कशी मागायची ते शिकवतो. गमतीचा प्रसंग, पण पकडलं जायची भीती त्यात पुरेपूर आहे.

सांगलीकडच्या वाळवा-पलूस पट्ट्यात ऊसतोडीवर शॉर्ट फिल्म करणारे या सिनेमांतून नेमकी चुकीची गोष्ट उचलतात: पळापळ आणि रडारड. आपला तोडकरी बीडचा असला तरी याच देशाचा नागरिक. त्याला कागद अडवत नाही, उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, अडवते. गोष्ट ती उचल देऊन टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत शोधा.

आता कामाचं. तोडलेला ऊस परत उभा राहत नाही, म्हणून फडात रीटेक नसतो. मागं उभा ऊस हवा असलेले सगळे वाइड शॉट उजाडताच घ्या. दुपारपर्यंत तिथं नुसतं पाचट उरतं. हातांचे क्लोजअप, वाढ्यानं (उसाच्या हिरव्या शेंड्यानं) मोळी बांधणं हे नंतर जमतं, कारण मोळ्या दिवसभर बांधल्या जातात. संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या विकतानाचा भाव मात्र सोडू नका. दोन-पाच रुपयांची ती घासाघीस दहा संवादांना भारी पडते.

आवाजात बहुतेकांची फिल्म मार खाते. तोडणाऱ्या बायकांनी साडीवर घातलेल्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला कॉलर माइक लावला की बोलण्यापेक्षा कापड आणि पाला जास्त वाजतो. बूम (काठीवरचा माइक) दोन-तीन फुटांवर, वरून धरा, त्यावर केसाळ विंडशील्ड हवंच. कोयत्याचा आवाज वेगळा पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगला लागतोच. ट्रॅक्टर सुरू असताना संवाद घेऊ नका. वस्तीवर विजेचा बल्ब असेल तर सेकंदाला 25 फ्रेम घेताना शटर 1/50 ठेवा, नाहीतर उजेड फडफडतो.

मजुरी टनावर असते. टेकसाठी अर्धा तास थांबवलं तर तो त्या कोयत्याच्या, म्हणजे जोडीनं तोडणाऱ्या दोघांच्या, कमाईतून जातो. तो भरून द्या, पण पैसे जोडीच्याच हातात. मुकादमाकडे दिलेत तर उचलीत वळते होण्याची शक्यता जास्त. परवानगी त्याची घ्यावी लागतेच, पण संमती मजुरांना तो नसताना विचारा. तो बांधावर उभा असेल तर सगळे हो म्हणतात आणि कॅमेऱ्यासमोर कुणी बोलत नाही.

सांगलीचे नट घेऊन बीडची बोली वठवायचा हट्ट नको. टोळीतलीच माणसं घ्या, वाक्यं पाठ करायला देऊ नका, प्रसंग सांगा. आणि राहिलेले शॉट फेब्रुवारीतच उरका. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी गावाकडं निघते; मग पॅचवर्कला ना माणसं मिळतात ना ऊस.