शिक्षण परिषदेत वह्या उघडा

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं. त्या केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, दर महिन्याला भरते, पण अर्धा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आलेली असतात. तो वेळ मुलांच्या वह्यांना द्यावा, असं मनापासून वाटतं.

एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या चार-पाच जणांचा गट करा. आठच्या वर माणसं झाली की दोघंच बोलतात. प्रत्येकाने तीन वह्या आणायच्या: एक बरोबर सोडवलेली, दोन चुकलेल्या. विषय एकच, समजा हातच्याची वजाबाकी. ५२ − २७ = ३५ असं उत्तर दिसलं, की ‘दुर्लक्ष’ म्हणून सोडू नका. मुलाने ७ मधून २ वजा केले, म्हणजे मोठ्यातून लहान. त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय आणि तो इमानाने पाळलाय! अशा मुलाला आणखी दहा गणितं देऊन उपयोग नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्या, सात सुट्या मागा. गठ्ठा सोडावाच लागतो.

मग पाठ मिळून आखा. एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी प्रत्येकी तीनच मुलांकडे बघायचं: हात कुठे थांबला, काय खोडलं. नंतरची चर्चा मुलांवर, शिक्षकावर नाही. इथेच गट मोडतात. ‘तुमचा आवाज लहान होता’ असं कुणी म्हटलं की पुढच्या वेळी पाठ द्यायला कुणी उठत नाही. केंद्रप्रमुखांनीही तपासणीची वही बाहेर ठेवून यावं.

दुरुस्त केलेला पाठ पंधरा दिवसांत दुसऱ्या शाळेत घ्या.