आमची वाटचाल : कार्ड ग्रेडिंगला पाठवायचं की नाही

आम्ही सुरुवात केली ती स्पोर्ट्स कार्ड, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली जमवायची कार्डं घ्यायला-विकायला, ग्रेडिंगचा (कार्ड खरं आहे का, कितपत चांगलं आहे ते कंपनीकडून तपासून 10 पैकी आकडा घेण्याचा) सल्ला वगैरे डोक्यातही नव्हतं. पण 2021 च्या सुमारास जो तो एकच विचारायला लागला, हे ग्रेडिंगला पाठवू का? तेव्हा पीएसए या अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपनीकडे कार्डांचे एवढे ढीग साचले की मार्चमध्ये त्यांनी स्वस्तातल्या सर्व्हिस काही काळ बंदच ठेवल्या. बघता बघता आमचं मुख्य काम तेच झालं, कार्ड तपासायचं आणि काय ते तोंडावर सांगायचं.

तपासायचं कसं तर स्लीव्हमधून (पातळ प्लास्टिकच्या आवरणातून) काढून, कडेला धरून, एकाच दिव्याखाली तिरकं फिरवायचं. समोरून सगळं चकाचक असतं हो, तिरकं केलं की क्रोम (चकचकीत पृष्ठभागाच्या) कार्डवरची प्रिंट लाइन म्हणजे छापताना उमटलेली रेघ, बारीकसा खळगा, ओरखडा लगेच डोळ्यात भरतो. मग 10 पट भिंगातून चारही कोपरे, टोकाला पांढरं दिसलं की 10 विसरा. 1971 च्या टॉप्स कंपनीच्या बेसबॉल कार्डांची बॉर्डर काळी, तिथे कडेचा रंग जरा उडाला तरी लपत नाही. आणि पाठ बघा, पाठ कोणी बघतच नाही! नवं पाकीट फोडून आत्ता काढलंय म्हणून 10 येईलच असं काही नसतं, छापखान्यातच कापताना सरकलेलं असू शकतं.

आता पैशाचं. सगळे 10 च्या भावाने हिशोब मांडतात, आम्ही 9 च्या भावाने मांडतो. 9 आला आणि त्यातून कार्डचा आत्ताचा रॉ (ग्रेडिंग न केलेल्याचा) भाव, फी, जाण्यायेण्याचा खर्च, विमा सगळं वजा केलं तर हातात काही राहतं का, नसेल राहत तर आम्ही नकोच म्हणतो, समोरचा कितीही नाराज होवो. पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे कुठल्या कार्डाला कुठला आकडा किती वेळा मिळाला त्याची यादी, पण बघायचाच. 1989 च्या अप्पर डेक कंपनीचं बेसबॉलवाल्या केन ग्रिफी ज्युनिअरचं कार्ड घ्या, नाव मोठं, पण पीएसए 10 मिळालेलीच चार हजारांच्या वर आहेत, मग 9 ला कोण विचारतो.

1986 च्या फ्लीअर कंपनीच्या मायकल जॉर्डन (बास्केटबॉल) कार्डचं मात्र उलटं. त्यात नकली इतके फिरतात की कोपरे झिजलेलं असलं तरी आम्ही पाठवा म्हणतो, कारण तिथे आकड्याआधी खरेपणाला किंमत आहे. झीज लपवायला कड कापलेली असल्याचा संशय आला तर मात्र थांबतो. पीएसए 8 मिळालेलं जुना बेसबॉल खेळाडू होनस वॅग्नरचं ते प्रसिद्ध कार्डसुद्धा कापलेलं होतं, 2013 मध्ये कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोने तसं कबूल केलं. म्हणून आम्ही प्रत्येक जुनं कार्ड त्याच सेटच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून चारी बाजूंनी ताडून बघतो, कितीही गर्दी असली तरी.

आणि वडिलांचं, आजोबांचं कार्ड जपायला स्लॅब (ग्रेडिंग कंपनीची सीलबंद प्लास्टिकची डबी) हवा असेल तर हा हिशोब आम्ही काढतच नाही, खुशाल पाठवा. फक्त पाठवताना टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये) नको, साध्या स्लीव्हमध्ये घालून मग जरा वाकणाऱ्या सेमी-रिजिड होल्डरमध्ये, काढताना कोपरा अडकत नाही.