मर्ल ओबेरॉनसाठी बसवलेला दिवा

अभिनेत्री मर्ल ओबेरॉन १९११ साली मुंबईत जन्मली, वाढली कलकत्त्यात. हॉलिवूडमध्ये मात्र जन्मगाव टास्मानियातलं सांगितलं गेलं. अँग्लो-इंडियन असल्याचं उघड झालं असतं तर तिला नायिका कोण करणार होतं? ‘द डार्क एंजल’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही हे गुपित पोटात ठेवूनच. तिला असं जगायला लावणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

१९३७च्या मोटार अपघातात चेहऱ्यावर व्रण राहिले. मग छायालेखक ल्युसियन बॅलार्डने कॅमेऱ्याच्या भिंगालगतच छोटा दिवा बसवला; समोरून थेट पडणाऱ्या उजेडात व्रण पुसट व्हायचे. ‘ओबी’ नावाने तो दिवा छायालेखकांत रूढ झाला. दोघांनी १९४५मध्ये लग्नही केलं. तिचे क्लोजअप मी थांबवून थांबवून बघते. काय बोलके डोळे होते तिचे!