घाटकोपरपर्यंतचं पान आणि फाशांवरचे शब्द

परळच्या खानावळीचं लेखन पुन्हा सुरळीत सुरू झालं आहे. गणपतीला गावी गेलो की खंड पडतोच, आणि आपल्या लिहिणाऱ्यांच्या गटातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की खंडानंतर परत लिहायला कसं लागायचं. यंदा मला लागू पडलं ते असं: मुंबईत परतल्यावर नवीन काही लिहायला घेतलं नाही. वहीतलं शेवटचं पान जसंच्या तसं, हाताने, पुन्हा उतरवून काढलं. पान संपेपर्यंत हात सैल झालेला असतो, आजीचं घर डोळ्यांसमोर आलेलं असतं, आणि पुढचं वाक्य फारसं शोधावं लागत नाही.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. माझी आजी परळच्या चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गडी एकेका गाळ्यात दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला अशा बायकांकडे यायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि संप लांबत गेला तसे गडी गावाकडे निघून गेले. त्यांच्या जेवणाचे पैसे थकले ते या बायकांचे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी, त्यांना सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात नेण्यासाठी. संपावर, कामगारांवर, नेत्यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. चुलीसमोर बसलेल्या बाईच्या बाजूने लिहिलेलं मला फार कमी सापडलं, आणि मला तेच लिहायचं आहे.

आजीची उधारीची एक वही होती. आजीला अक्षर येत नव्हतं. प्रत्येक गड्यासाठी तिने एक खूण ठरवली होती, कोणाची छत्री, कोणाची चिलीम, एकाच्या नावाला नुसता मासा, आणि खुणेपुढे जेवणाच्या रेघा. वही मामाकडे कुर्ल्याला होती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, मामाच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी चढलं आणि वहीचा लगदा झाला. आता जे काही उरलं आहे ते आईच्या तोंडी आहे, आणि तिच्या तोंडून माझ्या फोनमधल्या रेकॉर्डिंगमध्ये. म्हणूनच गेल्या काही महिन्यांत लिहिण्याइतकाच वेळ मी खात्यांच्या सुरक्षेला दिला. ज्या ईमेल खात्यात ही रेकॉर्डिंग आणि मसुदे आहेत ते गेलं, तर वही दुसऱ्यांदा जाईल.

आधी लिहिण्याचं. मुलुंडहून सीएसएमटीला मी ठाणे लोकल पकडतो, कारण कल्याणहून येणारी गाडी मुलुंडला येईपर्यंत गच्च भरलेली असते आणि ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या गाडीत अजून जागा मिळू शकते. नियम एकच: घाटकोपरपर्यंत हाताने लिहायचं. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. एका कानात हेडफोन, त्यात आईचा आवाज, मांडीवर दोनशे पानी वही. घाटकोपरला मेट्रोची गर्दी आत शिरते, कोपर हलवायला जागा राहत नाही, वही बंद. तिथून पुढे फक्त ऐकायचं. वेळेचं किंवा शब्दसंख्येचं बंधन मी मुद्दाम ठेवलेलं नाही. स्टेशन हे माप फार सोयीचं आहे, ते आपल्याशी वाद घालत नाही आणि आपण ढिलाई केली तरी घाटकोपर यायचं ते येतंच.

संध्याकाळी घरी तेच पान संगणकावर इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डने टाइप करतो. बोलून टाइप करायची सोय मी वापरून पाहिली आहे. साध्या मराठीला ती उत्तम चालते, पण आईच्या बोलण्यात साचेखातं, बदलीवाला, जॉबर, पाळी असे गिरणीतले शब्द येतात आणि तिथे ती अडखळते. शिवाय टाइप करतानाच पहिलं संपादन होऊन जातं, ते मला गमवायचं नाही.

शनिवारी लिहीत नाही. शनिवार कुलपांचा. एका शनिवारी एकच खातं हातात घ्यायचं आणि ते पूर्ण करूनच उठायचं, हे ठरवल्यामुळे काम पुढे सरकलं. एका दिवसात सगळी खाती सुरक्षित करायला बसलं की माणूस तिसऱ्या खात्याला कंटाळतो आणि उरलेली तशीच राहतात.

पहिलं अर्थातच ईमेल. बाकी प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलायची लिंक ईमेलवरच येते, त्यामुळे ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं. तिथे दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणारी सोय, लावली, तीही एसएमएसवर न ठेवता कोड देणाऱ्या ॲपवर. एसएमएसचा ओटीपी सिमकार्डाच्या मागे जातो. आपल्या नावाने कोणी दुसरं सिम काढलं तर ओटीपीही त्याच्याकडे जातो. ॲपचं तसं नाही. खातं जोडताना क्यूआर कोडमधून एक गुप्त किल्ली फोनमध्ये येते, आणि ती किल्ली अधिक घड्याळातली वेळ यांच्या गणितातून दर 30 सेकंदांनी सहा आकडी कोड तयार होतो. त्याला नेटवर्क लागत नाही. फक्त फोनची वेळ आपोआप जुळणारी ठेवा, वेळ मागेपुढे असली की कोड नाकारला जातो. मात्र ॲपचा कोडही फोनवर कोणाला वाचून दाखवला तर उपयोग संपला, हे घरातल्या मोठ्यांना वेगळं सांगावं लागतं. जिथे पासकीची, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनचंच कुलूप उघडून आत जाण्याची, सोय आहे तिथे मी ती लावली, कारण पासकी खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि नकली पानावर चालतच नाही.

गूगल खात्याला 10 बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून आईच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवले आहेत. फोन लोकलमध्ये मारला गेला तर घरी येऊन खातं उघडता आलं पाहिजे, यासाठी हे कागद अत्यंत गरजेचे आहेत. गटातल्या ज्यांनी दुहेरी पडताळणी लावली आहे पण कोड छापलेले नाहीत, त्यांनी आजच छापावेत. कळकळीने सांगतो.

हे कळकळीने सांगायला कारण आहे. आपल्या गटातल्या एका काकूंचं खातं उन्हाळ्यात गेलं. फोन आला, समोरच्याने गोड बोलून ओटीपी मागितला, आणि तासाभरात ईमेलचा पासवर्ड, पर्यायी नंबर, सगळं बदललेलं. काकूंनी त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, बँकेतले पैसे वाचले. कादंबरीचा मसुदा मात्र त्या खात्यातच होता. त्यांनी ती पुन्हा लिहायला घेतली आहे आणि पहिली तीन प्रकरणं मी वाचली आहेत. त्यांची जिद्द पाहून मी माझे शनिवार आणखी काटेकोरपणे पाळायला लागलो.

आता या नोंदीतला मला सर्वांत आवडलेला भाग. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळणारं ॲप, घेतला की बाकी सगळे पासवर्ड तो बनवतो आणि लक्षात ठेवतो. आपल्याला डोक्यात ठेवावा लागतो तो एकच, मुख्य पासवर्ड. त्यासाठी फाशांची पद्धत आहे, डाइसवेअर म्हणतात, अर्नल्ड रेनहोल्ड यांनी 1995 मध्ये मांडलेली. 7776 शब्दांची क्रमांक दिलेली यादी असते, पाच फासे टाकायचे, पाच आकड्यांवरून एक शब्द निघतो. असे सहा-सात शब्द मिळाले की झाला पासवर्ड. यादी जगजाहीर असली तरी चालतं, कारण ताकद फाशांच्या दानात असते.

यादी इंग्रजीतली. मी म्हटलं, आपली का नको? पाच फाशांची यादी फार मोठी होते, म्हणून चार फाशांची केली. चार फाशांचे 1296 प्रकार, तेवढे शब्द. शब्द सगळे आजीच्या जगातले: भोंगा, पंगत, रॉकेल, फडताळ, मोरी, ओटी, सुपारी. शब्द कमी म्हणून पासवर्डात शब्दांची संख्या वाढवायची. सात शब्द घेतले की शक्यता होतात 6 वर 21 शून्यं इतक्या, माझ्या कामाला पुरेशा.

पासवर्ड देवनागरीत ठेवायचा मोह होतो, पण मी तो ठेवलेला नाही आणि तुम्हीही ठेवू नये असं माझं मत आहे. 'दुसऱ्या'मधला अर्धा ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांत, एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना सारखा दिसतो, पण फोनच्या कीबोर्डने एक प्रकार पाठवला आणि संगणकाने दुसरा, तर खातं उघडणार नाही. दुसरी अडचण लांबीची. युनिकोडची अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि पासवर्ड साठवण्याची बीक्रिप्ट ही फार वापरली जाणारी पद्धत पहिले 72 बाइटच बघते. म्हणजे 24 चिन्हांनंतरचं तिला दिसतच नाही. तेव्हा शब्द मराठी, अक्षरं रोमन.

रोमनमध्ये लिहायचं तर एका शब्दाचं एकच स्पेलिंग हवं, आणि यादी करायला खरा वेळ इथे लागला. डबा कोणी एका बीने लिहितं, कोणी दोन. पाणी, भाकरी, चटणी, तिन्हींची दोन-दोन, तीन-तीन रूपं. 'व' असलेले सगळे शब्द मी काढूनच टाकले, कारण तवा कोणी व्हीने लिहितं तर कोणी डब्ल्यूने. उरलेल्या प्रत्येक शब्दापुढे यादीत स्पेलिंग पक्कं लिहून ठेवलं आहे.

फासे टाकायला आईला बसवलं. सापशिडीचे चार फासे जमवले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टाकले. ती आकडे वाचायची, मी यादीत शोधायचो. सरावाला चार दानं टाकली, शब्द पडले ते: मोरी, भोंगा, सुपारी, कंदील.

"हे काय रे, याला काही अर्थ लागत नाही," आई म्हणाली. "कंदील नको, परत टाकते."

"नाही आई, पडलं ते घ्यायचं. आवडीचे निवडायला लागलो की दुसऱ्यालाही ओळखता येतात."

हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. दान आवडलं नाही म्हणून पुन्हा टाकायचं नाही. अर्थ लागत नसेल तर त्या शब्दांची गोष्ट रचायची, म्हणजे ते पाठ होतात. खऱ्या पासवर्डाची गोष्ट मी मनातच रचली. कागदावर उतरवला तो पासवर्ड फक्त एकदा, आणि ते पाकीट बॅकअप कोडांशेजारी आहे.

पण सरावाच्या दानांनी वेगळंच काम केलं. कंदील म्हटल्यावर आई गप्प बसली नाही. सांगायला लागली की संपाच्या दुसऱ्या वर्षी विजेचं बिल थकलं, तेव्हा आजी दारात कंदील लावून पंगत वाढायची, आणि रात्रपाळीची सवय असलेले दोन म्हातारे गडी काम नसतानाही त्याच वेळी जेवायला यायचे. वर्षभर मी तिला "संपाबद्दल सांग" म्हणत होतो आणि ती "काय सांगायचं त्याबद्दल, वाईट दिवस होते" एवढ्यावर थांबायची. एक शब्द समोर ठेवला आणि अख्खं प्रकरण मिळालं.

तेव्हापासून रविवारी दुपारी जेवण झालं की आम्ही फासे टाकतो. एक दान, चार आकडे, एक शब्द, फोनवर रेकॉर्डिंग सुरू. पासवर्डाशी त्याचा काही संबंध नाही, यादी तेवढी तीच. सोमवारी घाटकोपरपर्यंत तेच ऐकत लिहितो. काही शब्दांवर आईकडे काहीच नसतं, ती सरळ "पुढचा टाक" म्हणते, आणि इथे पुन्हा टाकायला काही हरकत नाही. रॉकेलवर तिने रेशनच्या रांगेची आठवण सांगितली, ती इतकी भरगच्च निघाली की त्याची दोन प्रकरणं होतील असं वाटतं. आठवणी गोळा करणाऱ्या कोणालाही मी ही पद्धत मनापासून सुचवेन. प्रश्न विचारला की माणूस उत्तर द्यायला बघतो, शब्द दिला की बोलायला लागतो.

बाकी खात्यांचं भराभर सांगतो. ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या हॅव आय बीन पोन्ड या, आपली माहिती कुठल्या गळतीत गेली का ते दाखवणाऱ्या साइटवर ईमेल पत्ता टाकून पाहिला. एका जुन्या साइटच्या गळतीत सापडला. तो पासवर्ड जिथे जिथे वापरला जात होता तिथे बदलला. ज्यांचे पासवर्ड वेगळे आणि मजबूत आहेत ते दर तीन महिन्यांनी बदलत बसण्याची गरज नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही 2017 मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं आहे. आईच्या आणि माझ्या व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला, जोडलेली उपकरणं तपासली.

प्रतींचं काम अर्धं झालं आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, हा नियम पाळतो आहे. एक प्रत खात्यात, एक घरच्या हार्ड डिस्कवर. तिसरी ताईकडे डोंबिवलीला जाईल, चौथ्या मजल्यावर, सांकेतिक कुलूप लावलेल्या पेनड्राइव्हवर. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणून निष्क्रिय खात्याच्या सेटिंगमध्ये मुदत सहा महिने ठेवली आणि विश्वासातली व्यक्ती म्हणून ताईचं नाव दिलं. मला काही झालं तर आईची रेकॉर्डिंग तिला मिळतील. ताईला फोन करून हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "मासेवाला गडी कोण होता, आईने सांगितलं का?" अजून नाही. यादीत 'मासा' आहे, दान अजून पडलेलं नाही.

पुढच्या नोंदीपर्यंत रॉकेलचं पहिलं प्रकरण पूर्ण करायचं आहे आणि पेनड्राइव्ह डोंबिवलीला पोचवायचा आहे. 1296 शब्दांची यादी ज्यांना हवी असेल त्यांना देतो. 'व' काढल्यामुळे वरण, विळी, चाळवाले असे चांगले शब्द बाहेर राहिले आहेत. त्यांना आत घेण्याचा सुटसुटीत नियम कोणाला सुचला तर जरूर कळवा, दुसरी आवृत्ती करताना तो लावतो.