सिंहाच्या लेखातला एक आकडा बदलायला मला तीन आठवडे लागले (माझा अनुभव)

माझी पोरगी पाचवीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशातनं सिंहाची माहिती वहीत उतरवून घेतली, त्यात लिहिलेलं, गीरमध्ये ५२३ सिंह. हा आकडा २०१५ चा आहे! २०२० ला ६७४ झाले आणि मे २०२५ च्या गणनेत ८९१. दहा वर्षं जुनी माहिती लेकरं निळ्या पेनाने, खाली रेघ मारून लिहितायत आणि वर बरोबरची खूणही मिळतीय. आमच्या लातूरकडं पाचवीतलं लेकरू इंग्रजी लेख कुठं वाचत बसणार, मराठीत जे सापडंल तेच त्याच्यासाठी खरं. मला ते बघवलं नाही, म्हणून बसलो दुरुस्त करायला.

खातं उघडणं वगैरे पाच मिनिटांचं काम, त्यात काही नाही.

पहिल्या रात्री नुसता आकडा बदलला, पाव तासात परत ५२३. लेखाच्या इतिहासात (कुणी कधी काय बदललं त्याची यादी) कारण लिहिलेलं, विनासंदर्भ, म्हणजे माहिती कुठनं घेतली ते दिलं नाही. ठीक आहे, चूक माझी. मग मी चार रात्री बसून नीट तयारी केली. गुजरात सरकारने जाहीर केलेले आकडे घेतले (१९६ नर, ३३० माद्या, १४० अर्धवट वाढलेले आणि २२५ छावे, बेरीज करून बघा, ८९१ च येते), यातले ५०७ सिंह गीरचं राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या बाहेर फिरतायत हेही लिहिलं, कारण मला वाटतं खरी बातमी तीच आहे. लेखात कुनोला (मध्य प्रदेशातलं राष्ट्रीय उद्यान) सिंह आहेत असंही कुणीतरी ठोकून दिलेलं, ते काढलं. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला गीरचे काही सिंह कुनोला हलवा असा निकाल दिला होता पण सिंह गेलेच नाहीत, २०२२ ला तिथं आले ते चित्ते. मग आयाळीचं लिहिलं, मग छाव्यांचं. बायको म्हणाली, "रोज रात्री काय टाइप करूलालाव एवढं?" रात्री साडेबाराला सगळं एकदम जतन केलं आणि समाधानाने झोपलो.

सकाळी बघतो तर सगळं गायब. सगळं म्हणजे सगळं, आकडा परत ५२३ आणि कुनोत परत सिंह! कारण काय, तर छाव्यांचा परिच्छेद एका वेबसाइटवरनं जसाच्या तसा घेतल्यासारखा वाटतोय. अहो मग तो परिच्छेद काढा ना, बाकीच्याने काय केलं होतं? सरकारी आकडा संदर्भासकट दिला होता, तो उडवून चुकीचा आकडा परत आणणं हे मला आजही पटत नाही. रागात मी सगळं परत टाकलं, ते परत निघालं आणि वर मलाच ताकीद, पुन्हा असं केलं तर खातं बंद होईल.

लेखाच्या चर्चा पानावर (तिथं लेखाबद्दल सदस्य एकमेकांशी बोलतात) नम्रपणे लिहिलं, "नमस्कार, नेमकं काय चुकलं सांगाल का, मी दुरुस्त करतो." उत्तर नाही. रोज सकाळी चहा ठेवला की मोबाइल उघडायचा आणि चर्चा पान बघायचं, रोज आपलं माझंच वाक्य खाली एकटं. अकरा दिवस! अकराव्या दिवशी दुसऱ्याच एका जुन्या सदस्याने लिहिलं, "एकेक बदल वेगळा करा, प्रत्येकाला संदर्भ द्या, सारांशाच्या रकान्यात कारण लिहा." हेच पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर! त्या संध्याकाळी फक्त ८९१ टाकलं, संदर्भ जोडला आणि सारांशात "२०२५ ची गणना" लिहिलं. राहिलं. दुसऱ्या दिवशी कुनो. तेही राहिलं.

तुम्ही करणार असाल तर आधी धूळपाटीत लिहून बघा, ती सरावाचीच जागा आहे. आणि तुमचं काढलेलं कुठं जात नाही, इतिहासात जुनी आवृत्ती जशीच्या तशी असते. मला हे माहीत नव्हतं, मी दोन परिच्छेद आठवून आठवून परत टाइप केले.

शास्त्रीय नावाला हात लावायच्या आधी चर्चा पानावर बोला. जुन्या पुस्तकात गीरच्या सिंहाला पँथेरा लिओ पर्सिका लिहितात, २०१७ च्या नव्या वर्गीकरणात तो उत्तर, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या सिंहांबरोबर पँथेरा लिओ लिओ मध्ये गेला. दोन्ही नावं द्या आणि कोणतं कधीचं तेही लिहा, म्हणजे भांडण होत नाही.

फोटो मात्र स्वतः काढलेलाच टाका, गूगलवरनं उचललेला राहत नाही. मी वेरूळला जाऊन आलो, कैलास लेण्याच्या मंडपाच्या छतावर कमळाभोवती चार सिंह कोरलेत, ते खालनं दिसत नाहीत, बाजूच्या डोंगरावर चढून वरनं काढावा लागतो. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून जा. तो फोटो लेखात लागलाय आणि अजून कुणी काढला नाही, मला त्याचा लई आनंद आहे.

आयाळीचं पण झालं, गीरच्या सिंहाची आयाळ तोकडी म्हणून त्याचे कान दिसतात आणि पोटाखाली कातडीची लांब घडी असते, हे आता लेखात आहे. छाव्यांचा परिच्छेद तेवढा राहिलाय, तो पूर्ण माझ्या शब्दात लिहून या रविवारी टाकतो.