तुम्ही विचारलंत म्हणून: मोजक्या क्रियापदांची कलाम भाषा

कलाम भाषेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: जिच्यात जेमतेम १३० क्रियाधातू आहेत, ती भाषा तोकडी नाही का? माझे उत्तर ठाम नकाराचे आहे.

पापुआ न्यू गिनीच्या मदांग प्रांतात, श्राडर पर्वतरांगेच्या परिसरात ही भाषा बोलली जाते. एकच धातू अनेक धातूंच्या जोडीला बसवून ती आपले काम भागवते. ‘न्ङ्’ हा धातू घ्या. पाहणे, ऐकणे, कळणे, विचार करणे हे सारे त्यात सामावते. त्याच्या आधी ‘खा’ आला की अर्थ होतो चव घेणे, ‘धर’ आला की चाचपणे, ‘बोल’ आला की विचारणे. मराठी माणसाला हे परके वाटू नये, कारण आपणही खाऊन बघतो, हात लावून बघतो, विचारून बघतो. मात्र आपल्याला दर वेळी ‘-ऊन’ लागतो, तर तिथे नुसते धातू ओळीने येतात आणि काळ-पुरुषाचे प्रत्यय शेवटच्या धातूलाच लागतात. ‘सरपण आणले’ एवढेच सांगायचे असले तरी कलाम माणूस जा, लाकूड तोड, घे, ये, ठेव अशी सगळी कृती क्रमाने उभी करतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती लांब वाक्यांतली सोय. मराठीत ‘घरी आल्यावर’ एवढे ऐकून पुढची क्रिया त्याच माणसाची की दुसऱ्याची, हे कळत नाही. कलाममध्ये मधल्या क्रियापदाचा प्रत्ययच ते आधी सांगून टाकतो.

उच्चारही असेच नेमके आहेत. ब, द, ग यांच्याआधी अनुनासिकाची छटा येते, आणि दोन व्यंजनांमधला आखूड स्वर ठरलेल्या जागीच येत असल्याने तो लिहीत नाहीत: ‘बोलणे, भाषा’ या अर्थाचा शब्द ‘म्न्म्’ असा लिहिला, तरी साधारण ‘मिनिम्’ असा उच्चारतात.

शिवाय या लोकांजवळ आणखी एक शब्दसंग्रह आहे. केवड्याच्या कुळातल्या डोंगरी झाडांची फळे गोळा करायला आणि शिजवायला रानात गेल्यावर ते रोजचे शब्द टाळतात आणि त्यांच्या जागी वेगळेच वापरतात; व्याकरण तेच राहते. नेहमीचे शब्द उच्चारले तर ती फळे बिघडतात, अशी त्यांची समजूत आहे.