नवतप्यात फास्टर फेणे

३१ मे, धंतोली, नागपूर

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू आहे. दुपारी बाहेर पडायची सोय नाही आणि कूलरमध्ये पाणी कोण टाकणार यावरून घरात रोज तंटा. आज फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत यांचा जन्मदिवस (१९१०, इंदूर). भाच्याच्या हातून मोबाईल काढून फास्टर फेणेचं पुस्तक दिलं. तासाभरात तक्रार आली, "मामा, या पोट्ट्याजवळ नुसती सायकलच आहे ना गा! बाकी कायीच नाही."

भागवतांची करामत नेमकी तिथेच आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. अंगाने किडकिडीत. भांडवल काय, तर सायकल, सगळीकडे खुपसायचं नाक आणि तोंडातून निघणारं 'ट्टॉक्'. एवढ्यावर तो काश्मीरला जातो, चक्रीवादळात सापडतो, विमानचोरांशी भिडतो. तरी आपण मान्य करतो, कारण सुरुवात ओळखीच्या रस्त्यावर होते. माझ्यासाठी तो रस्ता ओळखीचाही नव्हता. महाल आणि बर्डीपलीकडे माझी मजल नव्हती, पुणं मी पुस्तकातूनच पाठ केलं. पुढे पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा शनिवारवाड्याच्या आधी फुरसुंगी कुठे ते विचारलं होतं.

फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्नही भागवतांनीच मराठीत आणला: 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत सफर', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. व्हर्न चंद्रावर माणसं धाडतो, पण आधी तोफ ९०० फूट लांब हवी, दारू किती हवी, याचा हिशेब मांडतो. थाप मोठी असेल तर तपशील चोख पाहिजे, हे भागवतांनी तिथून उचललं असावं. हा माझा तर्क.

आणखी एक खोडी. गोष्टीत भागवत स्वतःच असतात. बनेश येऊन पराक्रम सांगणार, हे लिहून घेणार. लहानपणी मला बनेश खरा आणि भागवत त्याचे कारकून वाटायचे. लेखकाने स्वतःला इतकं मागच्या बाकावर बसवायचं म्हणजे सोपं काम नाही. २०१७ सालच्या सिनेमात बनेशला मोठा केला, ते मला फार रुचलं नाही. पण दिलीप प्रभावळकरांना भा. रा. भागवत म्हणून गोष्टीत घेतलं, ते मात्र अगदी त्यांच्याच रीतीचं झालं.

(त्यांच्या पुस्तकवेड्या बिपिन बुकलवारचं आडनाव तर आमच्या चंद्रपूरकडचं वाटतं. त्याच्यावर फार कोणी बोलत नाही.)

आता भाचा दुसऱ्या पुस्तकात आहे. मध्येच उठून अंगणातली सायकल पाहून आला. मागच्या ब्रेकची वायर तुटली आहे म्हणे. ऊन उतरलं की दुकानात जायचं ठरलंय.